खिशातले जोंधळे

माझ्या बायकोची माझ्याबद्दल एकच कायमची तक्रार आहे. धुवायला टाकलेल्या कोटाच्या खिशात जोंधळे निघतात. बाकीच्या तक्रारी येतात-जातात, ही टिकून आहे. एकदा मी दौऱ्यावरून भिजून आलो, कोट खुंटीला टांगला आणि चार दिवस विसरलो. पाचव्या दिवशी खिशाच्या तोंडातून बोटभर उंचीचे पोपटी कोंब डोकावत होते. बायकोने शेजारणीला हाक मारून दाखवलं, "बघा गं, लोकांचं शेत गावाबाहेर असतंय, आमचं कोटात."

हे जोंधळे कुठून आले ते आज लिहून ठेवतो. माझ्या कामांच्या यादीत ते बरेच दिवस आहे, आणि यादीतलं काम राहिलं की मला जेवण गोड लागत नाही.

यादीची ही खोड घरातली. आम्ही बेळगावच्या खासबागचे, मागावरचे लोक. आमच्या घरात मोजणं हा धर्म होता. ताण्यात, म्हणजे मागावरच्या उभ्या सुतात, एक धागा कमी पडला तर पुऱ्या लुगड्यावर रेघ दिसते, आणि ती रेघ गिऱ्हाइकाच्या आधी वडिलांना दिसायची. म्हणून आम्ही भावंडं अंक शिकलो ते पाटीवर नाही, धाग्यावर. मी सातवी पास झालो, सहा-सात वर्षं मागावर बसलो, आणि मग सरकारी लसटोचणीच्या खात्यात उमेदवार म्हणून चिकटलो. वडील म्हणाले, "लुगडी विणली की बायका हसत्यात. हे सोडून गावोगाव पोरं रडवायची नोकरी तुला कुणी सांगितली रं?"

त्या काळी आमच्यासारख्याला लोक देवी डॉक्टर म्हणत. डॉक्टर आम्ही नव्हतोच. लहान मुलांच्या दंडावर टोचून देवीची लस घालायची, आठवड्याने परत जाऊन टोचलेलं उठलं का, म्हणजे तिथे फोड धरला का, ते बघायचं, आणि रजिस्टरात लिहायचं, एवढं काम. लस बेळगावात तयार व्हायची. काचेच्या बारीक नळ्यांतून, कापसात गुंडाळून, मोटारीने ती निपाणीला पोचायची. तिथून पुढे आम्ही, कधी बैलगाडीने, बऱ्याचदा पायी. लस उन्हाला फार भ्यायची. जास्त दिवस राहिली की मरायची, आणि मेलेली लस टोचणं म्हणजे पोराला फुकट रडवणं.

ज्यांच्या हाताखाली मला शिकायचं होतं ते देवी डॉक्टर, अण्णा, मला न्यायला निपाणीच्या मोटार स्टँडवर आले. सगळा चिकोडी तालुका त्यांना अण्णाच म्हणायचा. बावन्नच्या आसपास वय, सडपातळ, डोक्याला रुमाल, अंगात काळा कोट. कोटाला दोन्ही बाजूंना खिसे, पण साधे नाहीत. हात कोपरापर्यंत जाईल असे खोल. मी माझी पत्र्याची पेटी उतरवली. झाकणाच्या आतल्या बाजूला मी सामानाची यादी चिकटवली होती. सतरा जिनसा, कशाही नव्हे, कामाच्या क्रमाने. मला वाटलं, बघून खूश होतील.

अण्णांनी ती यादी वरपासून खालपर्यंत वाचली.

"तांब्या हाय. छत्री हाय. सुई-दोरा बी हाय. लई चांगलं. ह्यात तू कुठं हायस?"

"मी? मी हा इथं की, अण्णा."

"इथं हायस ते दिसतंय. यादीत कुठं हायस? आधी माणूस पोचला पायजे का आधी तांब्या?"

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी कानामागची पेन्सिल काढून दिली आणि स्टँडवरच्या गर्दीत, मोटारीच्या धुरात, मी यादीत पहिल्या ओळीच्या वर माझं नाव घातलं. मला तो म्हाताऱ्याचा विक्षिप्तपणा वाटला.

पहिले तीन महिने मला टोचायची परवानगी नव्हती. माझी कामं अशी: स्पिरिटच्या दिव्यावर टोचणी उकळायची, पोरांचे दंड धुवायचे, रजिस्टर लिहायचं. हात बसावा म्हणून अण्णांनी मला वांग्यावर सराव करायला लावला. ज्या घरी मुक्काम असेल तिथली वांगी मी मागून घ्यायचो आणि प्रत्येकावर चार-चार बारीक ओरखडे काढायचो. मग तीच वांगी रात्री आमच्या ताटात. एका घरची म्हातारी म्हणाली होती, "आमच्या वांग्यास्नी आता देवी येणार न्हाय."

अण्णा शिकवत नसत. म्हणजे सांगत नसत. ते करायचे आणि आपण बघायचं. मी जे पाहिलं ते रोज टिपून ठेवायचो. ती वही अजून आहे. गावात शिरल्यावर ते आधी चावडीवर जात नसत, आधी सुइणीकडे जात. जन्माचं रजिस्टर चावडीत असायचं खरं, पण कुठल्या घरात मूल आहे, कुठली आई माहेराहून परत आली आणि कुणाच्या सासूचं डोकं फिरलेलं आहे, हे सुइणीकडेच कळायचं. टोचायला ते कधी खुर्चीवर बसत नसत. जमिनीवर मांडी घालायचे, म्हणजे पोरगं त्यांच्यापेक्षा उंच व्हायचं. आणि 'दुखणार नाही' असं ते कुठल्याच पोराला म्हणत नसत. म्हणायचे, "दुखणार. मुंगीएवढं न्हाय, मुंगळ्याएवढं. मग गूळ." पोरगं मुंगळ्याचा विचार करत राहायचं तोवर काम झालेलं असायचं.

आणखी एक गोष्ट मी टिपली होती. एक पोर टोचून झालं की अण्णांचा हात उजव्या खिशात जायचा, मग डाव्या. पुढचं पोर झालं की पुन्हा उजव्या, पुन्हा डाव्या. एकदा त्यांचा कोट झटकताना खाली जोंधळे सांडले, तेव्हा मला उलगडलं. मी वहीत लिहिलं: 'अण्णा काम करताना कच्चे जोंधळे खातात. दात चांगले.' विचारलं नाही. ज्याला सगळं कळलंय असं वाटतं तो कशाला विचारेल?

फाल्गुनात आम्ही सदलग्याच्या बाजूला, दूधगंगेकाठच्या एका गावी गेलो. सोमवार होता. गावाच्या एका अंगाला ओढा, आणि ओढ्यापलीकडे दुसरं गाव. त्या पलीकडच्या गावात 'बाई आल्या होत्या'. रोगाचं नाव कुणी घेत नसे. बाई आल्यात, एवढंच म्हणायचं, आणि आवाज खाली आणायचा.

म्हणजे घाई होती, आणि घाईची कारणं मी वहीत लिहून काढली होती. एक, पलीकडची बाई ओढा ओलांडायला किती दिवस घेईल ते सांगता येत नव्हतं. दोन, दुसऱ्या दिवशी मंगळवार; त्या गावाने देवीसाठी मंगळवारचे वार पाळायला घेतले होते. त्या दिवशी कुणी शेतात औत घालत नसे, जातं फिरवत नसे, आणि अंगातून रक्ताचा थेंब तर मुळीच काढू देत नसे. तीन, ऊन असं होतं की आम्ही लसीच्या नळ्या मडक्यात घालून विहिरीत पाण्याच्या वर टांगल्या होत्या, आणि तरी अण्णा म्हणाले होते, "बुधवारी ह्या नळ्या म्हंजे नुसती काच." थोडक्यात, त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत गावातली पोरं टोचून झाली पाहिजेत, नाहीतर झालीच नाहीत.

तिथल्या सुईण म्हातारीला सगळं गाव आक्का म्हणायचं. तिने सकाळपासून दारोदार फिरून बायका गोळा केल्या. दुपारी देवळापुढच्या पिंपळाच्या कट्ट्यावर आया पोरं घेऊन बसल्या. मी दिवा पेटवला, पाणी उकळलं. अण्णा विहिरीवरून मडकं घेऊन आले, आणि तेवढ्यात निरोप आला. पलीकडच्या गावचा पोलीस पाटील ओढ्याच्या त्या काठावर येऊन उभा आहे, त्याला अलीकडे येऊ देत नाहीत, त्याला देवी डॉक्टरांशी बोलायचंय.

अण्णा उठले. मला म्हणाले, "जाऊन आलोच. तवर बायकास्नी हसत ठेव. दुसरं कायबी करू नको."

हसत ठेव! मला हे काम वाटेना. काम कुठलं ते मला दिसत होतं. एक नळी फोडली की ती चार-पाच पोरांना पुरायची, आणि फोडलेली परत ठेवता येत नसे. तेव्हा पोरं किती ते आधी कळलं तर नळ्या किती फोडायच्या ते कळणार. अण्णा येतील तेव्हा मी आकडा तयार ठेवीन. मी कट्ट्यापुढे उभा राहिलो, पेन्सिल एकेका पोरावर धरली आणि चांगला खणखणीत आवाज काढला. "एक. दोन. तीन. चार..."

ताणा मोजताना वडील असेच मोजायचे.

बारा-तेरापर्यंत आलो. नुसती कुजबुज थांबली. मला वाटलं, माझ्या आवाजाचा वचक. सतराव्याला पेन्सिल आली तेव्हा त्याच्या आईने पदर त्याच्यावर ओढला. चार वर्षांचा मुलगा, पण अंगात परकर-पोलकं आणि नाकात चांदीची वाळी. तिची आधीची मुलं जगली नव्हती. ह्याच्यावर कुणाची नजर जाऊ नये म्हणून तिने त्याला मुलगी करून वाढवलं होतं. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की सतरावं पोर झाकलं गेलं.

"ओ बाई, पदर काढा. मोजणी चाललीय."

ती उठून उभी राहिली. "कशाची मोजनी? जुंधळं हायत व्हय आमची पोरं?"

"तसं न्हवं, लस किती लागणार..."

"अगं बया, पोरं मोजालाय ह्यो! बोट करून मोजालाय!"

मागची एक म्हणाली, "पल्याड बाई बसल्यात, आनि हितं ह्यो तिला आकडा सांगालाय. या म्हनालाय, इतकी हायत म्हनालाय!"

मग कट्ट्यावरून पोरं अशी उचलली गेली की बघत राहावं. दोन कडेवर, एक बोटाला, एक परकराला लटकलेलं. कुणी पळालं नाही, कुणी ओरडलं नाही. नुसता कट्टा रिकामा झाला. शेवटी राहिलो मी, उकळणारं पाणी आणि एक शेळी. शेळीला मी मोजलं नव्हतं.

अण्णा आले तेव्हा मी सगळी हकीगत सांगितली. क्रमवार सांगितली, तेवढंच मला येत होतं. त्यांनी आधी सूर्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"किती मोजलंस?"

"सोळा झाली होती, अण्णा. सतराव्याला..."

"आनि आता किती हायत?"

"एक बी न्हाय."

"मग मोजनी चुकली तुझी."

त्यांनी उजव्या खिशात हात घालून मूठभर जोंधळे काढले आणि माझ्यापुढे धरले. "हे कशाला हायत असं वाटलं तुला?"

"मला वाटलं, तुम्ही खाता."

तीन महिन्यांत पहिल्यांदा मी अण्णांना हसताना पाहिलं. कट्ट्यावर बसून, रुमालाने डोळे पुसत हसले. मग एकदम थांबले. "एक पोर झालं की एक दाना ह्या खिशातनं त्या खिशात. सांजच्याला दाने मोजायचे. पोरं मोजायची न्हाईत. भाकरी आनि पोरं मोजू न्हयेत, कुनी सांगितलं न्हाय तुला घरात?"

आमच्या घरात भाकरीसुद्धा मोजून व्हायच्या.

आम्ही आक्काच्या घरी गेलो. ती ओसरीवर पाय पसरून बसली होती आणि आम्हाला बघून तिने पाय आवरले नाहीत, यावरून मला आमची किंमत कळली.

"या देवी डॉक्टर," ती म्हणाली. "ह्यो कोन? मापाडी?"

"चुकलं पोरगं, आक्का."

"अवो, धान्य मोजनारा मापाडी बी पयल्या मापाला एक म्हनत न्हाय, लाभ म्हनतोय. ह्यो तर सरळ एक म्हनाला. सकाळपास्नं दारं हिंडून माझं पाय मोडलं, आनि ह्यानं एका घटकंत गाव पांगिवलं." मग माझ्याकडे वळून, "कुठला रं तू?"

"बेळगावचा. खासबाग."

"मागवाला?"

"व्हय, आक्का."

"तरीच. सुतासारखी पोरं मोजलास."

अण्णा तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले. जसे पोरांपुढे बसत, तसेच. "आक्का, ऊन कलतंय. उद्या वार. परवा माझी लस मरतीया. पल्याड तीन घरांत हाय, पाटलानं सांगितलं. ही सगळी पोरं तुझ्या हातावर जन्मलीत. काय करू सांग."

आक्का सुपारी कातरत होती. मग म्हणाली, "मोजलंय ते मोडाय पायजे."

"कसं मोडायचं?"

"मोजनारा भाईर हुबा ऱ्हायला तर मोजनी पुरी झाली. त्यो आत बसला की आकडा चुकला. चुकलेला आकडा कुनाला लागत न्हाय."

"म्हंजे ह्यानं पोरांत बसायचं?"

"बसायचं आनि टोचून घ्यायचं. बायकांनी बघाय पायजे."

"मग आमी दोघं बसतो," अण्णा म्हणाले.

"तुमी कशापायी? तुमी कुठं मोजलासा?"

"ह्याला मोजू नको म्हनून सांगायचं कुनी हुतं? मी. सांगितलं का? न्हाय. मग?"

आक्काने अडकित्ता खाली ठेवला आणि पहिल्यांदा पाय आवरले.

ही रीत खरोखर होती, की आक्काने सुपारी कातरता-कातरता ती तयार केली, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. बऱ्याच वर्षांनी मी अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "रीत हुती का न्हाय ते आक्काला ठाव. उपाय हुता."

परत कट्ट्यावर आलो. आक्काने बायकांना बोलावलं नाही, नुसती एका पोरीला गल्लीतून पळवलं: "देवी डॉक्टर सोताच टोचून घ्यालाय, बघाय या." हे ऐकून कोण घरात बसणार? बायका आल्या, पण कट्ट्यावर चढल्या नाहीत. लांब, भिंतीला धरून उभ्या राहिल्या. पोरं पदराआड.

अण्णांनी कोट काढला, बाही वर केली आणि जमिनीवर बसले. मला वाटलं, आता स्वतःच स्वतःला टोचतील. त्यांनी टोचणी माझ्या हातात दिली.

"टोच."

"अण्णा, मी अजून वांग्यावरच..."

"मग मी वांगं हाय असं समज."

त्यांच्या दंडावर लहानपणीच्या चार जुन्या खुणा होत्या, दुवण्णीएवढ्या. मी शेजारी दंड धुतला, लसीचा थेंब ठेवला आणि टोचणी टेकवली. उचलली, पुन्हा टेकवली. भिंतीकडून आवाज आला, "अगं, डॉक्टरच भ्यालाय!" मी घाईने ओरखडा काढला आणि तो वाकडा गेला, लागायला नको इतका खोल. रक्त आलं. अण्णांचा चेहरा हलला नाही. ते भिंतीकडे बघून मोठ्याने म्हणाले, "मुंगळा न्हाय. इंचू हाय."

बायकांत हसण्याची पहिली लाट आली.

मग मी बसलो. अण्णांनी मला टोचलं, आणि सांगायला लाज वाटते, पण मी ओरडलो. चांगला 'आई गं' म्हणून ओरडलो. त्यांचा हात इतका हलका होता की ओरडण्यासारखं काही नव्हतंच. मी भीतीनेच ओरडलो. आता मात्र पोरं पदराबाहेर आली. एवढा बाप्या, मिशीवाला, आई गं म्हणतो! एका पोराने माझी नक्कल केली, दुसऱ्याने त्याची. एक परकरी पोरगी कट्ट्यावर चढली, ताटातला गुळाचा खडा उचलला आणि माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "रडू नको."

तिच्यामागून तिची आई चढली. मग दुसरी. मग रांग लागली.

अण्णा टोचत होते, मी दंड धुवत होतो, आणि प्रत्येक पोरामागे माझ्या सदऱ्याच्या खिशात ते जोंधळ्याचा एक दाणा टाकत होते, कारण त्यांचा कोट बाजूला पडला होता. मी काही मोजलं नाही. नळ्या एकेक करून फोडल्या, संपत आली की पुढची. एक थेंबही फुकट गेला नाही. मोजल्याशिवायही कामं होतात, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

सूर्य देवळाच्या मागे गेला तेव्हा कट्ट्यावर कुणी उरलं नव्हतं. उरली होती ती भिंतीला धरून, वाळीवाल्या मुलाची आई. सगळ्यात आधी उठलेली, अजून जागची हलली नव्हती. मडक्यात एकच नळी होती.

अण्णांनी तिला हाक मारली नाही. मला वाटलं, ते विसरले. मी बोलणार, तेवढ्यात त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ते टोचणी पुसत बसले. सावकाश, पुन्हा पुन्हा. ती तिथूनच म्हणाली,

"ह्याला काय म्हनून लिवनार?"

"तू सांगशील ते."

"पोरगी म्हनून लिवा."

रजिस्टर माझ्याकडे होतं. जन्माच्या नोंदीत मुलगा होता. माझी पेन्सिल थांबली. चुकीची नोंद! अण्णांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "लिव रं, पोरगी."

मी लिहिलं. ती आली. मुलगा रडला नाही. नाकातली वाळी चाचपत माझ्या दंडाकडे बघत राहिला. टोचून झाल्यावर तिने विचारलं, "आता किती झाली?"

अण्णा म्हणाले, "कुनाला ठाव. आमी दोघं बी हाय त्यात."

ती हसली. तोंडावर पदर धरून, पण हसली.

आठवड्याने आम्ही परत गेलो. पोरांचे दंड पाहिले, टोचलेलं छान उठलं होतं. माझं उठलं नाही, अण्णांचं उठलं. ओढ्यापलीकडे त्या उन्हाळ्यात काय झालं ते मी इथे लिहीत नाही. अलीकडे काही झालं नाही. आक्काने आम्हाला जेवायला ठेवून घेतलं आणि मला वाढताना म्हणाली, "मोजून खाऊ नको."

महिन्याअखेर वरच्या कचेरीतून पत्र आलं. रजिस्टरात पहिली दोन बालके वय बावन्न व बावीस दाखवली आहेत, खुलासा व्हावा. अण्णांनी उत्तर माझ्याकडून लिहून घेतलं: 'सदर दोन्ही बालके सरकारी नोकर असून त्यांची प्रकृती उत्तम आहे.' पुन्हा पत्र आलं नाही. मुलगी म्हणून लिहिलेल्या मुलाचा मात्र त्यांनी खुलासा केला नाही, आणि कुणी विचारलाही नाही.

अण्णांबरोबर मी पाच वर्षं काढली. मग त्यांना पेन्शन झाली आणि मला माझा तालुका मिळाला. जाण्याआधी मी बेळगावच्या कॅम्पातल्या शिंप्याकडे काळा कोट शिवायला टाकला. तो म्हणाला, "खिसे एवढे खोल कशाला? साहेब लोक घालत नाहीत." मी म्हटलं, "धान्य ठेवायचंय." त्याने माप लिहून घेतलं. मागवाल्याचं डोकं फिरलं असं त्याला वाटलं असावं.

माझ्या हाताखाली आजवर बरीच माणसं आली. अलीकडची पोरं इंग्रजी शिकलेली असतात, आकड्यांत पक्की असतात. आल्या-आल्या मी त्यांना तीन गोष्टी सांगतो, आणि सांगतो म्हणजे तोंडाने सांगतो, अण्णांसारखं नुसतं दाखवून सोडत नाही. पोरं मोजू नका. मांडी घालून बसा. आणि कुठलीही यादी केलीत तर पहिल्या ओळीत स्वतःला घाला. पहिल्या दोन त्यांना लगेच पटतात. तिसरीला हसतात. मी त्यांना हसू देतो.

गेल्या दिवाळीनंतर निपाणीला काम निघालं, म्हणून अण्णांकडे गेलो. आता ते फारसे उठत नाहीत. ओसरीत उन्हाला बसलेले असतात. सून म्हणाली, "आता माणसं ओळखत न्हाईत लवकर." मी समोर जमिनीवर मांडी घातली. त्यांनी मला वरून खाली पाहिलं, मग बाही वर केली. चार गोल जुन्या खुणा, आणि पाचवी लांबट, तिरकी.

"ही तुझी," ते म्हणाले. "वाकडी हाय."

"व्हय, अण्णा."

"पर उठली."

मग त्यांनी हात पुढे केला आणि न विचारता माझ्या कोटाच्या उजव्या खिशात घातला. खोल, कोपरापर्यंत. आत चाचपडले. मुठीत आलेले दाणे बाहेर काढून उन्हात धरले.

"किती हायत?"

"मोजले न्हाईत, अण्णा."

त्यांनी मूठ पुन्हा माझ्या खिशात रिकामी केली आणि वरून दोनदा थोपटली, दाणे सांडू नयेत म्हणून.